संकट, शील आणि साक्ष : पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या आत्मकथनांतील दुःखाचा अन्वय

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने एक लहानशी साखळी मांडली आहे. संकटातून धीर निपजतो, धीरातून आणखी काही एक निपजते आणि त्यातून आशा. या मधल्या कडीसाठी मूळ ग्रीकमध्ये 'दोकिमे' हा शब्द आहे. कसाला लावलेली वस्तू खरी ठरल्यावर तिच्या अंगी जी सिद्धता येते ती या शब्दात अभिप्रेत आहे; धातू आणि नाणी यांच्या पारखीशी त्याचे नाते आहे. इंग्रजी भाषांतरकारांना या शब्दाने सतत हुलकावणी दिलेली दिसते. १६११ च्या भाषांतरात त्या जागी 'एक्स्पीरियन्स' आहे, १८८१ च्या सुधारित नव्या करारात 'प्रोबेशन' आहे आणि १९४६ च्या नव्या करारात 'कॅरेक्टर' आहे. अनुभव, कसोटी, चारित्र्य असा हा प्रवास आहे. माणसावर बाहेरून जे येते त्याचा वाचक शब्द हळूहळू माणसाच्या आत जे घडते त्याचा वाचक होत गेला. मराठी बायबलच्या प्रचलित पाठात येथे 'शील' हा शब्द योजलेला आहे.

ही निवड दिसते तितकी साधी नाही. मराठी बोलणाऱ्या समाजात 'शील' हा शब्द 'कुल' या शब्दाचे बोट धरून वावरत आला आहे. सोयरीक जुळविताना कुलशील पाहतात. म्हणजे शील हे घराण्याबरोबर चालत आलेले असते, ते टिकवायचे असते, गमवायचे नसते. स्त्रीच्या संदर्भात तर या शब्दाचा अर्थ आणखीच आकसतो. बौद्ध परंपरेत शील हे पाळावयाचे असते, ते व्रतासारखे घेतले जाते. यांपैकी कोणत्याही अर्थाने शील संकटातून 'उत्पन्न' होत नाही. संकटात त्याची फार तर परीक्षा होते. तेव्हा संकटाच्या पोटी शील जन्माला येते असे विधान मराठीत प्रथम वाचणाऱ्याला एक जुना शब्द नव्या अर्थाने वाचावा लागला असणार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मराठी ख्रिस्ती व्यक्तींनी लिहिलेली आत्मकथने म्हणजे या नव्या अर्थाचा स्वतःच्या आयुष्यावर केलेला प्रयोग होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा प्रयोग सर्वत्र सारखा झालेला नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) या दोघींच्या लेखनात तो परस्परविरुद्ध दिशांनी जातो. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने हा विरोध मोलाचा आहे. मराठी समीक्षेने मात्र दोघींना 'धर्मांतरित स्त्रियांची आत्मचरित्रे' या एकाच कप्प्यात घालून ठेवले आहे.

दुःखाचा अर्थ लावण्याच्या रीती मराठीत आधी नव्हत्या असे नाही. प्रारब्धाची रीत सर्वपरिचितच आहे. तिच्याहून महत्त्वाची रीत तुकारामांची. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचा व्यवसाय बुडाला, पत्नी व मुलगा मरण पावले. आणि पुढे या सर्वनाशाबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. आता, हे आभार आणि पौलाची साखळी यांत वरवर साम्य दिसले तरी दोहोंचे तर्कशास्त्र वेगळे आहे. तुकारामांच्या लेखी संकट हे वजाबाकीचे काम करते. प्रपंच गेला, लाज गेली, पाश गेले आणि वाट मोकळी झाली. आपण संकटाने अधिक चांगले झालो, घडविले गेलो, असा दावा तेथे नाही. पौलाच्या साखळीत मात्र बेरीज आहे. एकातून दुसरे उपजते आणि शेवटी हाती काही लागते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक म्हणत, आणि ते खरेही असावे. पण या पुलाची दोन टोके एकाच पातळीवर नाहीत हे टिळकांच्या अभ्यासकांनी सहसा ध्यानात घेतलेले नाही.

मिशनच्या छापखान्यांतून एक तिसरी रीत मराठीत आली. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये बन्यनचे रूपक 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले, तेव्हा मराठीत कादंबरी हा प्रकारही जन्मला नव्हता. संकटे म्हणजे वाटेवरचे टप्पे आणि वाटेला निश्चित शेवट, ही कथनरचना अशा रीतीने मराठी गद्यात फार लवकर रुजली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत याच रचनेवर विधवांची दुःखे ओवली गेली. तेथे यमुनेचा प्रवास म्हणजे दुःखांचे एक प्रदर्शन आहे आणि प्रत्येक दुःख हा एक मुद्दा आहे. हे मी दोष म्हणून सांगत नाही. त्या काळी तो मुद्दा मांडण्याची नितांत गरज होती. मात्र दुःख एकदा पुराव्याच्या कामी लागले की भोगणाऱ्या माणसाकडे पाहण्याचे कथनाला प्रयोजन उरत नाही. पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात शीर्षकापासूनच रात्र आणि पहाट यांची विभागणी ठरून गेलेली आहे. रमाबाई लिहू लागल्या तेव्हा त्यांच्यासमोर ही वहिवाट तयार होती.

रमाबाईंच्या आयुष्यातील संकटांची यादी करणे सोपे आणि तितकेच निरर्थक आहे. परंतु एका संकटापाशी थांबावयास हवे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळाच्या वर्षांत ते अन्नान्नदशेला लागले. रमाबाईंनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत ही कहाणी येते. होते नव्हते ते विकले गेले, देवाधर्माच्या नावाने उरलेसुरले वाटले गेले, आणि शेवटी तिरुपतीच्या रानात झाडपाल्यावर दिवस काढीत मरणाची वाट पाहणे आले. वृद्ध, दृष्टी गेलेले वडील तळ्यात देह टाकावयास निघाले, तेव्हा भाऊ श्रीनिवास याने आपण कोणतेही हलके काम करू असे सांगून त्यांना परावृत्त केले. पुढे थोड्याच अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण ही तिघेही गेली. उरलेली दोन भावंडे पायी भारतभर भटकली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेतली होती. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. या सगळ्या निवेदनात एक वाक्यसमूह असा आहे की, ज्यावर टीकाकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. आपण उपाशी मेलो याचे एक कारण आपल्या जातीच्या आणि विद्वत्तेच्या गर्वाने आपल्याला अंगमेहनत करू दिली नाही हे होते, अशी कबुली रमाबाई तेथे देतात. एका शास्त्र्याच्या संस्कृतनिपुण मुलीने दुष्काळाचा अर्थ पावसात किंवा प्रारब्धात न शोधता आपल्या शिक्षणात शोधला.

येथे शील घडते आहे असे म्हणावयाचे असेल तर ते सहनशीलतेतून घडलेले नाही, एका कठोर आत्मपरीक्षणातून घडले आहे. आणि त्याची परिणती केडगावच्या मुक्तिसदनाच्या रचनेत प्रत्यक्ष दिसते. तेथे मुलींना वाचनलेखनाबरोबर विणकाम, शेती, घाण्यावर तेल काढणे, छापखान्यातील खिळे जुळविणे ही कामे शिकविली जात. उपाशी मेलेल्या कुटुंबाला जे येत नव्हते, ते सारे तेथे अभ्यासक्रमात होते.

दुसरी गोष्ट या लेखनाच्या काळाविषयी. १८७० च्या दशकातले हे अनुभव रमाबाईंनी इतक्या तपशिलाने लिहून काढले ते वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, मध्य प्रांतातील दुष्काळातून त्या मुलींना सोडवून आणीत होत्या तेव्हा. मधल्या काळात त्यांनी पुष्कळ लिहिले होते. 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) होते, अमेरिकेत १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक होते, १८८९ चे अमेरिकेच्या लोकस्थितीचे मराठी प्रवासवृत्त होते. वैयक्तिक भुकेला मात्र वाचा फुटली ती दुसऱ्याच्या भुकेपाशी उभे राहिल्यावर. हाताशी काम नसताना दुःख आठवणे आणि हाताशी काम असताना ते आठवणे यांत लेखनाच्या दृष्टीने फार अंतर पडते. १८९७ च्या मजकुराला जो कोरडा, हिशेबी सूर आहे तो या कामाने दिलेला आहे.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'साक्षी'त हाच भूतकाळ पुन्हा येतो, पण वेगळ्या व्यवस्थेत. 'साक्ष' हा इव्हँजेलिकल परंपरेतील एक ठरीव साहित्यप्रकार आहे. पूर्वीचा अंधार, मध्ये झालेले परिवर्तन, नंतरची कृतज्ञता ही त्याची घडण. आणि मुक्तिसदनाचा निर्वाह ज्या देणगीदारांवर चाले ते परदेशी वाचक हा त्याचा श्रोता. वडिलांनी मरणापूर्वी मुलीला जवळ घेऊन आपण तिला देवाच्या हाती सोपविले आहे असे सांगितले होते. साक्षीत हे शब्द ख्रिस्ती ईश्वराच्या योजनेचा पूर्वसंकेत म्हणून वाचले जातात. एका कर्मठ वैष्णवाचा निरोप मुलीच्या हातून असा अर्थ घेऊन बाहेर पडतो हे हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. तथापि साक्षीची घडण भूतकाळाला कोणत्या बाजूने ओढते हेही येथेच कळते.

असे असूनही रमाबाईंची साक्ष त्या साच्यात पुरती मावत नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो पुढे सुमारे आठ वर्षांनी सापडला. म्हणजे परिवर्तनाचा क्षण एक नसून दोन आहेत आणि पहिला अपुरा आहे. मधल्या वर्षांत काय झाले ते साक्षीत नाही. ते १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल शंका आहेत, ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून सुटल्यावर आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड आपण मानेवर घेणार नाही असे ठणकावून सांगणे आहे, आणि पलीकडून याला 'गर्व' म्हणणे आहे. रमाबाईंच्या शाकाहाराचाही तेथे जातिगर्वात समावेश झाला. बहिरेपण वाढत गेल्यामुळे वैद्यकाच्या शिक्षणाची आशा सुटली होती. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली होती. हे शेवटचे संकट तर कोणत्याही साखळीत बसविता येण्यासारखे नाही. त्यातून काय निपजले असे विचारणेही क्रूर वाटते.

संकटे श्रद्धा खोल करतात, या विधानाची खरी अडचण येथे आहे. संकट येते कोठून, हा प्रश्न ते विधान विचारू देत नाही. दुष्काळ, पटकी, वैधव्य ही संकटे रमाबाईंच्या वाट्याला आली ती एका अर्थी निनावी होती. वाँटेजची अडचण निनावी नव्हती. ती ज्या धर्मसंस्थेने त्यांना आश्रय दिला तिच्याकडूनच आलेली होती, आणि तीच संस्था त्या अडचणीचा उपयोग नम्रतेचा धडा म्हणून करू पाहत होती. बायबलमध्येच या धड्याला एक मोठे उत्तर आहे. ईयोबाच्या पुस्तकात संकट हे शिक्षण आहे असा युक्तिवाद करणारी पात्रे आहेत. विशेषतः अलीहूची भाषणे ही या मताची अत्यंत सुंदर मांडणी होय. पण पुस्तकाच्या अखेरीस परमेश्वर ठपका ठेवतो तो ईयोबाच्या तिघा मित्रांवर आणि बरोबर बोलला म्हणून निवाडा देतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबाच्या बाजूने. अलीहूबद्दल तो काहीच बोलत नाही. पौलाची साखळी आणि ईयोबाची तक्रार ही दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. ख्रिस्ती आत्मकथनाचा वाचक बहुधा पहिलीच हाताशी ठेवून वाचतो. रमाबाईंची पत्रे ईयोबाच्या बाजूची आहेत आणि साक्ष पौलाच्या बाजूची आहे, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. माझ्या मते पत्रांवाचून साक्षीतील श्रद्धेची खोली कळत नाही. आठ वर्षे हुज्जत घालून जी टिकली तीच ती श्रद्धा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (चार भाग, १९३४–१९३६) येताना वाचकाला एकदम वेगळ्या हवेत आल्यासारखे वाटते. तेथे साक्ष नाही. मुळात हे लेखन नारायण वामन टिळकांच्या चरित्राला साहित्य म्हणून मुलाच्या आग्रहावरून सुरू झाले, आणि सांगता सांगता सांगणारीच मध्यभागी आली. वाचक मराठी घरातला आहे, हिंदूही आणि ख्रिस्तीही. त्याच्याकडून देणगीची अपेक्षा नाही. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईंची भाषा माजघरातली आहे. आणि या भाषेत संकटांची गर्दी आहे. १८५७ नंतर आजोबा फासावर गेल्यामुळे भ्रमिष्टासारखे सोवळे पाळू लागलेले वडील, अकराव्या वर्षी लग्न, सासऱ्यांचा जाच, न सांगता घर सोडून जाणारा आणि हाती आलेले दुसऱ्याला देऊन टाकणारा कवी नवरा, लहानपणीच गेलेली मुले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, बायको जवळ नसताना, त्या नवऱ्याने घेतलेला बाप्तिस्मा. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापासून दूर काढली, त्यांतील बरीच पंढरपुरात. सवाष्ण असून विधवेसारखे जगणे म्हणजे काय, याचे त्या पानांतले चित्रण मराठी गद्यात अपूर्व आहे.

मराठी समीक्षेने या ग्रंथाचे कौतुक 'निरागस', 'प्रांजळ', 'सहज' अशा विशेषणांनी केले. विनोदाची वाखाणणी झाली. धर्मांतर हा कथानकातील एक प्रसंग म्हणून ओलांडला गेला. जणू लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती होणे ही त्यांच्या मोठेपणाच्या आड येणारी पण क्षम्य अशी बाब आहे! दुसऱ्या बाजूला इंग्रजीत उलट झाले. १९५६ च्या संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक ब्रह्माकडून ख्रिस्ताकडे अशा अर्थाचे आहे. साक्षीचा साचा मूळ ग्रंथात नव्हता, तो शीर्षकाने पुरविला. शांता गोखले यांच्या २०१७ च्या संपूर्ण अनुवादाने मूळ नाव कायम ठेवले, पण उपशीर्षकात लेखिकेला एका तेजस्वी पत्नीच्या रूपात उभे केले. एकीकडे श्रद्धा वजा केलेला विनोद, दुसरीकडे विनोद वजा केलेली श्रद्धा. आणि तिसरीकडे पत्नी. या तिन्ही वाचनांत जे निसटते ते असे की, या ग्रंथातला विनोद हाच श्रद्धेचा आकार आहे.

याचा अर्थ स्पष्ट करावयास हवा. पौलाच्या साखळीतील पहिली निष्पत्ती 'धीर' ही आहे. लक्ष्मीबाईंच्या गद्यात धीर हा गुण म्हणून वर्णिलेला नाही. तो वाक्याच्या चालीत आहे. अत्यंत दुःखद प्रसंग आणि अत्यंत हास्यास्पद प्रसंग त्या एकाच लांबीच्या, एकाच सुराच्या वाक्यांत सांगतात. दुःखाच्या प्रसंगाला वेगळी, उंच भाषा त्या देत नाहीत. त्यामुळे दुःख पुरावा म्हणून उभेच राहू शकत नाही. ते घडून जाते आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागते. पुन्हा हेही पाहावे की, नवऱ्याने केलेल्या जाचाला त्या कोठेही देवाची योजना म्हणत नाहीत. टिळकांच्या बाप्तिस्म्याने आपले आयुष्य मोडले आणि त्याच बाप्तिस्म्याने पुढे ते वेगळे घडले, या दोन्ही गोष्टी त्या सांगतात. पण दुसरीसाठी पहिली माफ करून टाकत नाहीत. टिळकांवर त्यांचे निरतिशय प्रेम आहे, आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाचा एकही प्रसंग त्यांनी झाकलेला नाही. ज्याच्यामुळे भोगावे लागले त्याचे नाव घेऊन सांगणे आणि तरीही त्याच्यावर प्रेम करणे, याला धर्मशास्त्रात कोणता शब्द आहे हे मला ठाऊक नाही. क्षमा हा शब्द पुरत नाही, कारण क्षमेत हिशेब मिटतो. येथे तो उघडा राहतो.

श्रद्धेच्या दृष्टीने 'स्मृतिचित्रां'तील निर्णायक प्रसंग देवळातला वा चर्चमधला नाही, पाण्याचा आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले होते. टिळकांनी यासाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. ही त्यांच्या बाजूने नोंदवावयाची गोष्ट आहे. एके रात्री त्यांच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले आणि उच्चनीचतेचे हे भेद देवाने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत या निष्कर्षाशी त्या येऊन पोहोचल्या. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी, मग बाप्तिस्मा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात बालपण काढलेल्या, आणि स्वतःही ते सोवळे अंगी मुरवलेल्या बाईच्या बाबतीत हे परिवर्तन किती खोल असेल याची कल्पना वाचकाने करावी. त्या वेडाची पाने आणि या रात्रीचे पान यांच्यात शेकडो पृष्ठांचे अंतर आहे. लेखिका त्यांचा संबंध जोडून दाखवीत नाही. संबंध आहे तो असा की, सोवळ्याने घरातल्या माणसांचे काय होते ते तिने आईच्या हालांत पाहिलेले होते.

शील कुळाबरोबर येते ही समजूत या ठिकाणी मोडते. लक्ष्मीबाईंनी कुळाचे शील टाकले आणि ज्याला जुन्या अर्थाने शीलभ्रष्टता म्हटले जाईल तेथूनच त्यांच्या नव्या शीलाला आरंभ झाला. 'दोकिमे'चे मराठी भाषांतर ग्रीक कोशात पाहून ठरविले गेले असेल. त्याचा मराठी अर्थ मात्र अशा घरांत ठरला. पुढे नगरला प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींच्या अंथरुणापाशी बसणे, अनाथ पोरे घरात सांभाळणे, १९१९ मध्ये टिळक गेल्यावर मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेणे, मुलाच्या संसारासाठी कराचीला जाऊन तेथील परक्या बोलीभाषांच्या गराड्यात नवा शेजार जोडणे, हे सारे त्या पाण्याच्या निर्णयाचे विस्तार आहेत. टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिलेले आणि सुमारे अकरा अध्यायांवर थांबलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून पुढे नेले. त्यातले काव्य सर्वत्र सारखे उतरलेले नाही, आणि 'स्मृतिचित्रां'च्या गद्याशी त्याची तुलना करू नये हे बरे. ओवी हाती घेतल्यावर लक्ष्मीबाई प्रतिष्ठित होतात. त्यांची श्रद्धा गद्यात अधिक मोकळी आहे.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्यात श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा येथे हेतू नाही. रमाबाईंपुढे हजारो भुकेल्या स्त्रियांचा प्रश्न होता आणि साक्षीच्या भाषेत न बोलता तो सुटला नसता. लक्ष्मीबाईंना ती गरज नव्हती. इंग्रजीत लिहिताना दुःखाला फळ दाखवावे लागते, मराठीत घरच्या माणसांना सांगताना ते न दाखवताही चालते, हा भाषेचा आणि श्रोत्याचा भेद आहे. भारतीय भाषांतील इतर ख्रिस्ती आत्मकथने तपासताना हा भेद उपयोगी पडावा. एकच लेखिका दोन भाषांत दोन रीतींनी दुःख सांगते काय, हे पाहण्यासाठी रमाबाईंइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र या दोघींच्या वाचनातून एक मर्यादा सुटत नाही, आणि ती नोंदविल्याशिवाय लेख प्रामाणिक ठरणार नाही. संकटाने शील घडले हे सांगण्याचा अधिकार ज्यांना मिळाला त्या दोघीही ब्राह्मण घरांतल्या होत्या. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले ते ज्यांच्या हातचे, त्या नगर जिल्ह्यातील महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांना त्या पाण्याविषयी काय वाटले, हे 'स्मृतिचित्रां'त आपल्याला लक्ष्मीबाईंच्याच डोळ्यांनी कळते. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांची श्रद्धा भाकरीसाठी होती असा टोमणा त्यांना मिशनऱ्यांच्या टीकाकारांनी मारला आणि काही मिशनऱ्यांनीही मारला; शास्त्र्याच्या मुलीची भूक तिच्या श्रद्धेची प्रस्तावना ठरली आणि त्यांची भूक त्यांच्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा ठरली. मुक्तिसदनातील मुलींच्या साक्षी 'मुक्ती प्रेयर बेल'सारख्या इंग्रजी पत्रिकांतून आल्या त्या अत्यंत त्रोटक, दुसऱ्याच्या हाताने आणि दुसऱ्याच्या भाषेत. त्या वाचताना साच्यामागचा माणूस कोठे हलतो आहे काय हे पाहण्याचे काम व्हावयाचे आहे.

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतप्रचुर मराठी केडगावच्या मुलींना कळत नाही, ही त्यामागची तक्रार. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याची छपाई मुक्तिसदनाच्या छापखान्यात झाली. खिळे जुळविण्याचे काम तेथील स्त्रिया करीत. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या होत्या. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्यायही अर्थातच त्यांनीच, एकेक अक्षर उचलून, उलट्या बाजूने वाचत जुळविला.